फर्मेंटरचा वायू आणि तीन मॉफ: सांगली जिल्ह्यातल्या एका आसवनीचे प्रकरण

सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमार याघी यांना २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल धातू-सेंद्रिय चौकटींसाठी (धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी), म्हणजे बोलीभाषेतल्या ‘मॉफ’साठी मिळाले. तेव्हापासून हा पदार्थ कार्बन डायऑक्साइड गिळतो आणि त्यापासून रसायने बनवतो, एवढे सगळ्यांच्या कानावर आहे. आता कृष्णाकाठची, मळीवर चालणारी एक आसवनी डोळ्यापुढे आणा. रोजची क्षमता ३०,००० लिटर अल्कोहोल, फर्मेंटर बंद झाकणाचे, आणि वायू आज सरळ हवेत सोडला जातो. संचालक मंडळाने कारखान्याच्या केमिस्टला विचारले आहे: या वायूचे मॉफ वापरून काही करता येईल का? आसवनी नमुन्याची आहे. टनांचे आकडे कोणा कारखान्याच्या रजिस्टरमधले नसून समीकरणातून काढलेले आहेत. कोणीही कागद-पेन्सिल घेऊन ताडून पाहावेत.

आधी टनांचा हिशेब

ग्लुकोजच्या १८० भागांतून ९२ भाग अल्कोहोल आणि ८८ भाग कार्बन डायऑक्साइड निघतो. अल्कोहोलची घनता ०.७८९ धरली तर लिटरमागे सुमारे ०.७५५ किलो वायू येतो. म्हणजे ३०,००० लिटरला दिवसाला साधारण २२.६ टन. बॉयलरच्या धुराड्यातल्या वायूशी याची तुलना होत नाही. धुरात बहुतांश नायट्रोजन असतो, आणि फर्मेंटरचा वायू सुरुवातीची हवा निघून गेली की जवळजवळ निव्वळ कार्बन डायऑक्साइडच असतो. त्यामुळे पकडण्याचा खर्च इथे नाही. मॉफची जी कीर्ती आहे ती बरीचशी पकडण्यातली आहे. कॅल्फ-२० हा जस्ताचा मॉफ बीएएसएफ कंपनी टनांमध्ये बनवते, तो धुरातून वायू शोषण्यासाठी. त्याचे या आसवनीत काही काम नाही.

मग उरते रूपांतर. सगळ्यांत सोपी आणि नीट समजलेली अभिक्रिया म्हणजे इपॉक्साइडच्या तीन कोनी कड्यात कार्बन डायऑक्साइड घालून पाच कोनी चक्रीय कार्बोनेट करणे. सोबत दुसरे काही तयार होत नाही, पाणीसुद्धा नाही. पण २२.६ टन वायू प्रोपिलीन कार्बोनेटमध्ये घालायचा तर रोज जवळपास ३० टन प्रोपिलीन ऑक्साइड आणावे लागेल, आणि ५२ टनांवर माल तयार होईल. प्रोपिलीन ऑक्साइड येते पेट्रोकेमिकल संकुलातून, प्रोपिलीनपासून, आणि ते बनवताना तिकडे कार्बन आधीच हवेत गेलेला असतो. इथे वायू फुकट आहे, इपॉक्साइड मात्र नाही.

मिथेनॉलचा पर्याय बैठकीत हमखास निघतो. ४४ किलो वायूला ६ किलो हायड्रोजन लागतो, म्हणजे दिवसाला ३.१ टन. पाण्याच्या विद्युत-विघटनाने तो करायचा तर किलोला ५० युनिट धरून दीड लाखावर युनिट होतात. चोवीस तास साडेसहा मेगावॉटच्या आसपास. गळीत हंगामात बगॅसवरचा सहवीज प्रकल्प हे पेलेल, पण मळी साठवून आसवनी चालते ती हंगामानंतरही. आइसलंडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या मिथेनॉल प्रकल्पामागे भूऔष्णिक वीज होती, हे विसरून चालत नाही. शिवाय मिथेनॉलसाठी तांबे-जस्ताचा जुना उत्प्रेरक २२० ते २७० अंश आणि ५० बारच्या वर आजही उत्तम चालतो. बहुतेक मॉफ त्या तापमानाला, वाफेत, फार काळ टिकत नाहीत.

तेव्हा मंडळाला पहिले उत्तर असे: वायूची विल्हेवाट म्हणून मॉफ नको. वायू धुऊन, वाळवून, द्रवरूप करून शीतपेये, ड्राय आइस, अग्निशामक नळकांडी यांसाठी विकणे हा जुना रस्ता आहे आणि तोच बरा. मात्र दुसरा, लहान प्रश्न शिल्लक राहतो आणि आम्हाला तोच खरा वाटतो: या विशिष्ट वायूवर एखादा मॉफ चक्रीय कार्बोनेट करताना टिकतो का? प्रयोगशाळेत, काही ग्रॅमवर, हे दोन-तीन महिन्यांत कळू शकते.

वायूत काय असते

फर्मेंटरमधून निघालेला वायू पाण्याच्या वाफेने संपृक्त असतो. ३० अंशाला वातावरणीय दाबावर म्हणजे आकारमानाने चार टक्क्यांच्या वर पाणी. त्यासोबत अल्कोहोलची वाफ, थोडे ॲसिटाल्डिहाइड आणि गंधकाची संयुगे. गंधक येतो मळीतून. आपल्याकडे रस बहुतेक ठिकाणी गंधकाच्या धुरीने साफ होतो, त्याचे अवशेष मळीत उतरतात आणि यीस्टच्या हाताखालून हायड्रोजन सल्फाइड, मर्कॅप्टन होऊन बाहेर पडतात. द्रवरूप करणाऱ्या प्लांटमध्ये आधी पाण्याचा स्क्रबर असतो (त्यात अल्कोहोल परत मिळते), मग पोटॅशियम परमँगनेटची धुलाई, सक्रिय कोळशाचा मनोरा आणि शेवटी वाळवणारी चाळणी. परमँगनेटचा जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ बसला की ते संपले. तो बदलायला उशीर झाला की कोळशावर भार येतो आणि वास थेट सिलिंडरपर्यंत पोहोचतो.

फर्मेंटरवर नमुना घ्यायला जाणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे. हा वायू हवेच्या दीडपट जड आहे. तो खड्ड्यात, गटारात, खालच्या मजल्यावर साचतो. आठ तासांच्या कामाची मर्यादा ५,००० पीपीएम आणि तत्काळ धोक्याची पातळी ४०,००० पीपीएम. मीटरशिवाय आणि एकट्याने खाली उतरायचे नाही.

तीन उमेदवार

झिफ-८ (जस्त आणि २-मिथाइलइमिडॅझोल), एचकेयूएसटी-१ (तांबे आणि ट्रायमेसिक ॲसिड, हाँगकाँगच्या विद्यापीठातला, १९९९) आणि यूआयओ-६६ (झिर्कोनियम आणि टेरेफ्थॅलिक ॲसिड, ओस्लो विद्यापीठातला, २००८). तिघेही साध्या काचेच्या सामानात होतात, म्हणून निवडले.

झिफ-८ सर्वांत सोपा. जस्त नायट्रेट हेक्साहायड्रेट २.९३ ग्रॅम २०० मिली मिथेनॉलमध्ये, २-मिथाइलइमिडॅझोल ६.४९ ग्रॅम दुसऱ्या २०० मिली मिथेनॉलमध्ये. दुसरे द्रावण पहिल्यात ओतून ढवळायचे. काही मिनिटांत दुधाळ होते. तासाभराने सेंट्रीफ्यूज करून मिथेनॉलने तीनदा धुवायचे. जस्ताच्या हिशेबाने कमाल २.२४ ग्रॅम मिळू शकतो. हाती येतो तो बराच कमी, कारण फार बारीक कण वरच्या द्रवात निघून जातात.

यूआयओ-६६ साठी झिर्कोनियम टेट्राक्लोराइड १ ग्रॅम, ४० मिली डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक) आणि ८ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड २० मिनिटे सोनिकेटरमध्ये. मग टेरेफ्थॅलिक ॲसिड ०.९८ ग्रॅम ८० मिली डीएमएफसह, आणि झाकणबंद बाटलीत रात्रभर ८० अंशाला. टेट्राक्लोराइडची बाटली दमट हवेत उघडली की धुरते, म्हणून फ्यूम हूडमध्येच. नवखे विद्यार्थी ‘पाणी वाईट’ म्हणून तीव्र ॲसिडऐवजी कोरडे काहीतरी वापरू पाहतात, आणि मग गाळ येत नाही किंवा गचाळ येतो. या चौकटीच्या सांध्यात सहा झिर्कोनियमच्या मध्ये जे ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल बसतात ते पाण्यातूनच येतात. ॲसिडचा दुसरा उपयोग असा, की ते जोडणारे रेणू काही ठिकाणी बसू देत नाही. त्या रिकाम्या जागांवर झिर्कोनियम उघडा राहतो आणि उत्प्रेरणाचे काम तोच करतो. अगदी सुबक, निर्दोष स्फटिकांचा यूआयओ-६६ इथे आळशी निघतो. एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना पाहणाऱ्या चाचणीत) देखण्या रेषा पाहून खूश होण्याआधी टीजीए (तापवत वजनातली घट मोजणे) करून किती जोडरेणू कमी आहेत ते पाहावे.

एचकेयूएसटी-१ ची कृती सर्वत्र मिळते. त्याचे सोयीचे वैशिष्ट्य असे की तो स्वतःची स्थिती रंगाने सांगतो. निर्वात ओव्हनमध्ये १५० अंशाला वाळवला की गडद जांभळट निळा. जुलै-ऑगस्टमध्ये, कृष्णेला पाणी चढलेले असताना, बाहेर काढून तराजूवर ठेवला की पेपरच्या कडेपासून आकाशी होऊ लागतो. वजनाचा शेवटचा आकडा वर सरकत राहतो तो पाण्याचाच. असा नमुना ‘५० मिलिग्रॅम’ म्हणून अभिक्रियेत टाकला तर त्यातला बराच भाग पाणी असतो आणि तांब्याची जागा त्याच पाण्याने अडवलेली असते. झिफ आणि यूआयओ पांढरे आहेत, ते काही बोलत नाहीत. म्हणून तिन्ही उत्प्रेरक रिॲक्टरच्या काचेच्या अस्तरातच वाळवून, बंद करून तोलावेत.

धुलाईत हात आखडता घेऊ नये. छिद्रांत अडकलेले डीएमएफ स्वतः या अभिक्रियेला थोडी गती देते, आणि श्रेय मॉफला जाते. इथेनॉलने दोन-तीन वेळा, दर वेळी काही तास भिजवून अदलाबदल करावी, मग १२० अंशाला निर्वातात रात्रभर. एनएमआरमध्ये (रेणू ओळखण्याच्या चुंबकीय चाचणीत) २.९ च्या आसपास दोन टोके आणि ८.० ला एक टोक दिसले तर डीएमएफ अजून आत आहे.

रिॲक्टर आणि दाबाचे गणित

इपॉक्साइड म्हणून स्टायरीन ऑक्साइड घेतले आहे. ते १९४ अंशाला उकळते, त्यामुळे वायू सोडताना उडून जात नाही. प्रोपिलीन ऑक्साइड ३४ अंशालाच उकळते आणि हिशेबात भोक पाडते. दोन्ही विषारी आहेत, स्टायरीन ऑक्साइड संभाव्य कर्करोगकारक गणले जाते. हातमोजे, हूड, आणि कुठलेही उरलेले द्रव बेसिनमध्ये नाही.

१०० मिलीच्या ऑटोक्लेव्हमध्ये: स्टायरीन ऑक्साइड २.४० ग्रॅम (२० मिलिमोल), सहउत्प्रेरक टेट्राब्युटाइलअमोनियम ब्रोमाइड म्हणजे टीबीएबी ६४ मिलिग्रॅम (१ मोल टक्का), मॉफ ५० मिलिग्रॅम. वायू १० बार, तापमान १०० अंश, ६ तास. द्रावक नाही. धातूच्या हिशेबाने ५० मिलिग्रॅम झिफ-८ मध्ये ०.२२ मिलिमोल जस्त येते, एचकेयूएसटी-१ मध्ये ०.२५ मिलिमोल तांबे, यूआयओ-६६ मध्ये ०.१८ मिलिमोल झिर्कोनियम. तुलना करायची तर वजनाची न करता धातूच्या मोलची करावी.

दाब का १०? रिकामी जागा सुमारे ९७ मिली. २५ अंशाला १० बारवर तीत ३९ मिलिमोल वायू मावतो, म्हणजे गरजेच्या दुप्पट. ५ बार भरला तर १९.६ मिलिमोल, गरजेहून किंचित कमी. मग उत्पन्न कितीही चांगला उत्प्रेरक घातला तरी पूर्ण होणार नाही, आणि शेवटी शेवटी वायूच नसल्याने गती मेलेली दिसेल. १०० अंशाला गेल्यावर १० बारचे साडेबारा होतात. ते पाहून कोणी थोडा वायू सोडून दिला तर हिशेब बिघडला. पूर्ण रूपांतर झाले तर त्या तापमानाला दाब सुमारे ६.४ बारने उतरतो. म्हणजे दाबमापक घड्याळासारखा वाचता येतो, पण गळतीही तसाच आकडा दाखवते. आधी रिकाम्या रिॲक्टरमध्ये १० बार भरून रात्रभर ठेवावे. सकाळी त्याच तापमानाला काटा जागचा हलला असेल तर ओ-रिंग बदलावी.

सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक गंमत. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान ३१ अंश. दुपारी खोली त्याच्या वर असते, तेव्हा सिलिंडरमध्ये द्रव उरतच नाही आणि दाब भरलेल्या वायूवर अवलंबून बराच वर जातो. रेग्युलेटर मात्र वायू पसरताना गारठतो आणि अडतो. वायू सकाळी, सावकाश भरावा.

थांबवताना रिॲक्टर बर्फात बुडवून १० अंशाच्या खाली आणावा, मगच वायू सोडावा. स्टायरीन कार्बोनेट ५० अंशाच्या आसपास वितळते, म्हणजे थंड झाल्यावर भिंतीला आणि ढवळणीला घट्ट चिकटते. कोमट इथाइल ॲसिटेटने खरवडून सगळे काढले नाही तर दर वेळी उत्पन्न वेगळे येते. एनएमआरमध्ये ३.८६ चे टोक उरलेल्या इपॉक्साइडचे, ५.६८ चे कार्बोनेटचे. ९.७ ला काही दिसले तर इपॉक्साइडचे फिनाइलॲसिटाल्डिहाइड झाले आहे, म्हणजे आम्लधर्मी जागा जास्त तापल्या आहेत. फक्त ३.८६ आणि ५.६८ यांचे गुणोत्तर काढणारा हा तोटा पाहतच नाही.

आणि कोरी चाचणी. मॉफ न घालता, टीबीएबी तेवढेच. १०० अंशाला टीबीएबी एकटेच बरेच काम करते, कारण कडे उघडण्याचे काम ब्रोमाइडचे आहे. धातू फक्त इपॉक्साइडचा ऑक्सिजन धरून ठेवून त्याला सोपे करतो. मॉफचे खरे योगदान म्हणजे या दोन आकड्यांमधला फरक. हा फरक १०० अंशाला फार लहान निघाला तर ६०–८० अंशाला उतरावे, तिथे तो उघड होतो. शिवाय मागच्या फेरीतला मॉफ भिंतीला उरला असेल तर कोरी चाचणी कोरी राहत नाही.

छिद्रे खरोखर वापरात आहेत का

झिफ-८ च्या खिडकीची रुंदी ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). आतली पोकळी ११.६. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ३.३, तो जातो. स्टायरीन ऑक्साइडला बेंझिनचे कडे आहे, ते त्या खिडकीतून सहजी जात नाही. खिडकी थोडी लवते हे खरे, पण एवढी नाही. म्हणजे ग्रॅमला हजार-दीड हजार चौरस मीटर पृष्ठभाग असला तरी अभिक्रिया कणाच्या बाहेरच्या सालीवर चालते. याची परीक्षा सोपी आहे. झिफ-८ बारीक आणि मोठ्या कणांचे असे दोन बनवावेत, बीईटी (नायट्रोजन शोषवून मोजलेला) पृष्ठभाग दोघांचा सारखाच येईल. बारीक कण स्पष्ट जास्त वेगवान निघाले तर काम सालीवर आहे. यूआयओ-६६ ची खिडकी ६ अँगस्ट्रॉमच्या आसपास, तिथे अडचण कमी, आणि जोडरेणू गळालेल्या जागी वाट रुंद होते. ‘सच्छिद्र असल्यामुळे’ हा शब्दप्रयोग अहवालात लिहिण्याआधी ही परीक्षा करावी, असा आमचा आग्रह आहे.

आसवनीचा वायू घातल्यावर

इथे एका वेळी एकच खोट घालावी: शुद्ध सिलिंडरच्या वायूत मोजून पाणी, मग मोजून अल्कोहोल, मग गंधक. सगळा कच्चा वायू एकदम घातला तर काहीतरी मरते, पण कशाने ते कळत नाही.

पाण्याचे गणित पाहा. १० बारला, ३० अंशाला संपृक्त वायूने ९७ मिली जागा भरली तर त्यात वाफ फक्त ०.१६ मिलिमोल येते. २० मिलिमोल इपॉक्साइडपुढे ते नगण्य, उत्पन्नात दिसणारही नाही. पण ५० मिलिग्रॅम झिफ-८ मधल्या ०.२२ मिलिमोल जस्ताच्या जवळपास ते पोहोचते. म्हणजे पहिल्या फेरीत आकडा छान येतो आणि चौकट मात्र आतून पोखरली जाते, कारण ओला कार्बन डायऑक्साइड जस्त आणि नायट्रोजनमधला बंध तोडून जस्ताचे कार्बोनेट करतो. ही नाडी एक्सआरडीत पाहावी: झिफ-८ चे ७.३, १०.४ आणि १२.७ अंशांचे टोक खुजे झाले की समजावे. याउलट दाबल्यावर नळीत साचलेला पाण्याचा एक थेंब, ५० मायक्रोलिटर, आत गेला तर तो २.८ मिलिमोल, इपॉक्साइडच्या चौदा टक्क्यांचे डायोल (कड्यात पाणी शिरून होणारे अल्कोहोल) करू शकतो. नळीच्या खालच्या वळणावर पाणी काढायची तोटी हवी.

अल्कोहोल उत्प्रेरकाला फार त्रास देत नाही, पण आम्लधर्मी जागांवर ते स्वतःच इपॉक्साइडचे कडे उघडून इथर बनवते. गंधकाचे गणित धातूवर ठरते. तांब्याचा एचकेयूएसटी-१ हायड्रोजन सल्फाइडने काळा पडतो, लगेच दिसते. जस्ताचे सल्फाइड पांढरे असते, म्हणून झिफ-८ बिघडूनही तसाच दिसतो. डोळ्यावर विसंबू नये. झिर्कोनियम गंधकाला भीक घालत नाही. या वायूसाठी तिघांत यूआयओ-६६ पुढे ठेवावा तो या कारणाने, पहिल्या फेरीच्या उत्पन्नावरून नव्हे.

पुनर्वापराचे फसवे आकडे

मॉफ पाच वेळा वापरला, उत्पन्न ९५ चे ९३ झाले, असे दाखवणे सोपे आहे: वेळ एवढा द्यायचा की अर्धा उत्प्रेरक मेला तरी अभिक्रिया पूर्ण व्हावी. टिकाऊपणा पाहायचा तर प्रत्येक फेरी ३०–४० टक्क्यांवर थांबवावी. दुसरे, टीबीएबी धुताना निघून जाते. ते दर फेरीला पुन्हा घातले नाही तर घसरण मॉफच्या नावावर जाते. तिसरे, सेंट्रीफ्यूजमध्ये ५० मिलिग्रॅममधले थोडेथोडे हरवतेच, म्हणून उरलेला मॉफ तोलून बाकी सगळे त्या प्रमाणात कमी घ्यावे.

धातू द्रवात उतरतो का, हे पाहायला अभिक्रिया अर्ध्यावर असताना गरम गाळतात आणि गाळलेला द्रव पुढे तापवतात. पण गाळलेल्या द्रवात टीबीएबी असतेच, त्यामुळे तो पुढे सरकणारच. तुलना शून्याशी नको, कोऱ्या चाचणीच्या वेगाशी हवी. शिवाय त्या द्रवात धातू किती, हे आयसीपीवर (धातूचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर) मोजावे. एक्सआरडी, बीईटीसाठी नमुने कोल्हापूरला विद्यापीठात पाठवता येतात. पाठवताना कुपी वितळवून किंवा पॅराफिल्म लावून बंद करावी, नाहीतर वाटेतल्या दमट हवेचेच मोजमाप होते.

मोठे करताना

वरच्या प्रमाणात एका फेरीत कमाल ३.२८ ग्रॅम स्टायरीन कार्बोनेट निघते. रोज एक टन, दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर ३.८ किलो यूआयओ-६६ फिरता लागेल. वरच्या कृतीत किलोमागे १०० लिटर डीएमएफ जाते, धुलाई वेगळी; म्हणजे पहिल्याच भरणीला ३८० लिटर. डीएमएफ गर्भाला घातक आहे, आणि सांडपाण्याच्या बाबतीत आसवन्यांवर आधीच स्पेंट वॉशमुळे (अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या द्रवामुळे) नजर असते. पाण्यात होणाऱ्या झिर्कोनियम मॉफच्या पद्धती आहेत, पुढे जायचे तर तिथूनच सुरुवात करावी. शिवाय भुकटी थेट चालत नाही, गोळ्या कराव्या लागतात. दाबताना छिद्रे चेंगरतात आणि बांधणारा पदार्थ तोंडे बुजवतो.

चक्रीय कार्बोनेट उद्योग मॉफच्या कितीतरी आधीपासून, १९५०च्या दशकापासून, साध्या अमोनियम किंवा अल्कली हॅलाइडवर चालत आलेला आहे. तैवानमध्ये २००२ साली सुरू झालेला, ‘असाही कासेई’ या जपानी कंपनीच्या पद्धतीचा पॉलिकार्बोनेट प्रकल्प वर्षाला ५०,००० टनांच्या क्षमतेचा होता, आणि त्याची सुरुवात इथिलीन ऑक्साइड अधिक कार्बन डायऑक्साइड अशीच होते. मॉफला जागा मिळवायची तर या स्वस्त मिठांशी सामना आहे.

जिल्ह्यात स्वतःचे इपॉक्साइड कोणते, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर सोयाबीन. इपॉक्सीकृत सोयाबीन तेलात ऑक्सिरेन ऑक्सिजन ६.५ ते ७ टक्के असतो. ७ धरला तर टनामागे १९० किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, आणि त्यापासून आयसोसायनेट न वापरता पॉलियुरेथेन करता येते. मात्र त्या तेलाचे इपॉक्साइड साखळीच्या मधोमध असतात, मंद चालतात, आणि एवढा मोठा रेणू या तिन्ही मॉफच्या खिडक्यांतून आत शिरत नाही. तिथे १२०–१४० अंश, एखादा दिवस आणि टीबीएबी हाच मार्ग राहतो, आणि त्या कामासाठी मॉफ बनवण्याचा खटाटोप कारखान्याने करू नये.